ताटाला पडलेले पोचे

अक्का, काल तुझ्या पिंडाला कावळा लगेच शिवला, आणि मला तुझा असा राग आला की काय सांगू.

अख्खं वलवण नदीच्या काठी तयारीनं आलं होतं. सगळ्यांची खात्री होती, हिचा जीव पोरीत अडकलाय, दुपार झाल्याशिवाय कावळा शिवायचा नाही. तुझी सासू तर म्हणालीच, "लय ताटकळत ठेवनार बगा ही." दाजी हात जोडून उभे. मीही घसा खाकरून तयार. काय बोलायचं ते लोणावळ्याहून येताना वाटभर घोळवून ठेवलं होतं. पिंड ठेवला, भटजी बाजूला झाले, आणि आमच्यातलं कुणी तोंड उघडायच्या आत उंबरावरून कावळा उतरला, भाताला चोच मारली आणि गेला. "सुटली बिचारी," सगळे म्हणाले. माझं बोलणं घशातच राहिलं. जन्मभर तू मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाहीस. निदान मेल्यावर तरी जरा थांबायचंस गं.

म्हणून आता लिहितोय. तळेगावच्या शाळेत चार बुकं शिकलो, ती असल्या कामाला येतील असं वाटलं नव्हतं. तू म्हणायचीस, "लोनावळ्याला ऱ्हाऊन पुन्यावानी बोलाया लागलास, धोंड्या." तर तसंच लिहितोय. हसायचं तर हास.

तुझी ठकू झाली तेव्हा गावाशेजारी धरणाचं काम जोरात होतं. दिवसा सुरुंग उडायचे. आधी मुकादमाचा माणूस लाल फडकं घेऊन आरोळ्या ठोकत धावायचा, बायका पोरांना घेऊन घरात शिरायच्या, आणि मग असा धडाका व्हायचा की उतरंडीची मडकी खुळखुळायची. कोंबड्या उडायच्या, म्हशी दावं तोडायला बघायच्या, गावातली तान्ही पोरं एकजात भोकाड पसरायची. ठकू तेवढी झोळीत पडून आपल्या मुठी बघत असायची. शेजारणी मुद्दाम बघायला यायच्या. "काय पोर हाय! जराबी दचकली न्हाई." "वाघीन हाय वाघीन." आणि तुझी सासू, जिच्या तोंडून कौतुकाचा शब्द निघायला मुहूर्त काढावा लागतो, तीसुद्धा म्हणायची, "गुनाची हाय. पोरीची जात अशी शांतच बरी." मी पडलो यार्डातल्या शंटिंगच्या इंजिनावरचा फायरमन, सारा दिवस शिट्ट्या आणि धडधड. मला वाटलं, मामाची भाची शोभते खरी.

मग जावळ आलं. जावळाला मामाची मांडी लागते, म्हणून मी रजा काढून आलो. पाहुण्यांनी अंगण भरलेलं. ठकू माझ्या मांडीवर, पुढ्यात न्हावी, आणि हलगीवाला नेमका माझ्या पाठीशी येऊन उभा राहिला. त्यानं पहिली काडी अशी मारली की मीच उडालो. माझं अंग हललं म्हणून ठकूनं वर माझ्या तोंडाकडं बघितलं. मागं बघितलं नाही. हलगी पुन्हा कडाडली. पोरीचं सगळं लक्ष न्हाव्याच्या वाटीतल्या पाण्यावर. मी तिच्या कानामागं चुटकी वाजवली, टाळी वाजवली, नावानं हाक मारली. आणि माझा स्वभाव तुला ठाऊकच आहे, पोटातलं ओठावर यायला वेळ लागत नाही. भर पाहुण्यांत बोललो, "अक्का, हिला ऐकू येत न्हाई."

हलगी थांबली. "शुभ बोल रं नाऱ्या, तर म्हनं मांडवाला आग लागली!" सासू कडाडली. तू हातातलं तबक खाली ठेवलंस, तरातरा आलीस आणि ठकूला माझ्या मांडीवरून उचललंस, अर्धं डोकं भादरलेलं तसंच. "वास्तू तथास्तु म्हनती, कळतंय का तुला? माझ्या लेकराच्या जावळाला असलं वंगाळ बोलतोस? ऊठ हितनं." मी उठलो. उरलेलं जावळ चुलतमामाच्या मांडीवर झालं.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी आलो. सण चुकवायचा नाही म्हणून तू ओवाळलंस, पण तोंडातून शब्द नाही. निरांजन असं फिरवत होतीस की मिशी जळते की काय असं वाटलं. मी काय कमी? मीही गप्प. ओवाळणी टाकली, लाडू खाल्ला आणि उठलो. लाडू फार चांगला झाला होता. ते सांगायचं राहूनच गेलं.

मग तुझे उपाय सुरू झाले. वेखंड उगाळून जिभेला चोळ. देवळातल्या घंटेवर ओतलेलं पाणी पाज. पोपटानं उष्टावलेला पेरू खाऊ घाल, म्हणजे वाचा फुटते. वलवणपासून लोणावळ्यापर्यंत कुणाच्या बागेतल्या पेरूला पोपटाची चोच लागलीय, ते तुला पाठ होतं. मी म्हणायचो, "अगं, दुखणं कानाचं आणि औषध जिभेला?" तू म्हणायचीस, "आपला रामामामा पाच वर्सांचा हुईस्तवर बोलला न्हवता. आता त्याला गप बसवावा लागतो." ते खरंच होतं. पण आपली आई सांगायची, रामामामाला परसातून हाक मारली तरी तो धावत यायचा. तो बोलत नव्हता, ऐकत होता. मी हे किती वेळा म्हणालो असेन! तू चुलीत फुंकर मारत राहायचीस, धूर डोळ्यांत गेला म्हणायचीस.

आणि गावाचं बघ. पहिल्या वर्षी ठकू शहाणी होती. दुसऱ्या वर्षी हाकेला येईना, तर हट्टी झाली. तिसऱ्या वर्षी येडी. पोर तीच होती गं. गावातली पोरं तिच्या कानाकडं बोट दाखवून खिदळायची आणि तीही बिचारी आपल्या कानाला हात लावून हसायची. मला त्या पोरांचे कान पिरगाळावेसे वाटायचे. दोघांचे पिरगाळलेही.

तुझा हुकमाचा एक्का म्हणजे आगगाडी. माझ्या चाळीपुढूनच रूळ जातो. तू राहायला यायचीस तेव्हा ठकू अंगणात पाठमोरी खेळत असली, तरी गाडी आली की वळून बघायची. "बग, आता बोल! म्हनं ऐकू येत न्हाई!" मलाही ते कोडं पडलं होतं. एकदा मी तिला उचलून बाजेवर बसवली, पाय वर घेऊन. मालगाडी आली, घसा फाटेस्तोवर शिट्टी मारून गेली. चाळीतलं कुत्रं भुंकायला लागलं. ठकू बाजेची सुतळी उसवत बसलेली. पुढच्या गाडीला तिला खाली उतरवली, अनवाणी. गाडी वळणावर दिसायच्या आधीच तिनं मान वळवली. तिला पायांना कळत होतं. तिला कडेवर घेतलंस आणि तिच्या तळपायाची माती पदरानं पुसलीस. मला वाटलं, चला, आज एकदाचं हिला कळलं.

काय कळलं होतं मला! तुला तर सगळं कधीचंच ठाऊक होतं. मला ते तू गेल्यावर समजलं, तेही तुझ्या सासूच्या तोंडून.

तू गेल्यानंतर मी तुझ्या घरी बसायला गेलो होतो. शेजारणीनं आणलेली भाकरी सासूनं मला तुझ्या ताटात वाढली. आपल्या आईनं तुझ्या लग्नात माहेरून, परंदवडीहून दिलेलं पितळेचं ताट. बघतो तर त्याचा काठ सगळा पोचलेला, एक बोटभर जागा धड नाही. मी म्हणालो, "मावशी, हे असं कशानं झालं?"

"अरं, लय धांदरट तुझी बहीन," ती डोळे पुसत म्हणाली. "बाळंतपनानंतर तर तिच्या हातातलं बळच गेलतं. घडीघडी ताट पडायचं हातातनं, दनाकन! मी किती बोलायची तिला. आन् पोरगी बग, तितंच म्होरं निजलेली असायची, पापनीबी हलायची न्हाई. तवापासनं गुनाची."

ती सांगत होती आणि मी त्या पोच्यांवरून बोट फिरवत होतो. तिला अजूनही कळलेलं नाही. पण मला कळलं. अक्का, तुझ्या हातातून ताट पडत नव्हतं, तू टाकत होतीस. तान्ह्या लेकराच्या पाठीशी उभं राहायचं, ताट टाकायचं, वाकून तिच्या तोंडाकडं बघायचं. सासूच्या शिव्या खायच्या, धांदरट म्हणवून घ्यायचं, आणि आज तरी दचकेल म्हणून पुन्हा टाकायचं. जावळाच्या कितीतरी आधी. म्हणजे मी अंगणात जे बोललो ते तुला नवीन नव्हतंच. ते कुणी मोठ्यानं बोलायला तेवढं नको होतं.

आता या जागी दुसरा कुणी म्हणेल, चुकलं माझं अक्का. मी म्हणणार नाही. मला अजूनही वाटतं, तू बोलायला हवं होतंस. दाजींना नाही तर नाही, मला तरी. आपण दोघं एका ताटात जेवून वाढलो. तू एकटीनं ते ताट किती दिवस टाकत राहिलीस, हे आठवलं की तुला जवळ घ्यावंसं वाटतं, आणि त्याच वेळी तुला धरून गदागदा हलवावंसं वाटतं. तू म्हणशील, बोलले असते तर काय झालं असतं? पोरीला वर्षाच्या आतच येडी म्हणाले असते, आणि सासूनं दाजींना दुसरी बायको बघितली असती. तेही खोटं नाही. आपलं भांडण असंच असायचं, दोघांचंही खरं आणि दोघंही रागावलेले.

ते ताट मी मागून घेतलं. लोणावळ्याला आलो तर शेजारच्या खोलीत बायका जमलेल्या, नव्या बाळाला बघायला. "कित्ती शांत बाळ! रडतच न्हाई." हे वाक्य ऐकलं की हल्ली माझं डोकं फिरतं. दारातूनच म्हणालो, "वहिनी, त्याच्या पाठीमागं एकदा ताट वाजवून बघा." तिनं बाळ पदराखाली घेतलं. माझ्या बायकोनं मला ओढून घरात आणलं आणि चांगलं फैलावर घेतलं, "लोकांच्या घरात अभद्र बोलायची भारी हौस तुम्हाला." पण दिवेलागणीला भिंतीपलीकडे ताट पडल्याचा आवाज झाला, आणि पाठोपाठ पोरानं असा टाहो फोडला! अक्का, इतकं गोड रडणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी भिंतीला डोकं टेकून रडलो.

तू बोलली नाहीस खरी, पण हात बांधून बसलीही नाहीस. ठकूशी बोलायला तू आपली आपण एक वाट काढलीस. दोन भुवयांमध्ये बोट लावलं की आई, कारण तिथं तुझं गोंदण. मूठ वरून खाली ओढली की मामा, इंजिनाची शिट्टी ओढणारा. गालाखाली तळहात म्हणजे झोप. आणि हाक मारायची ती टाच आपटून. सारवलेल्या जमिनीवर तू दोनदा टाच आपटलीस, की ठकू कुठंही असो, वळून तुझ्याकडं बघणारच. सासू करवादायची, "पाय आपटू नगं गं, घरातली लक्ष्मी जाती." मी विचारलं तर म्हणायचीस, "काय न्हाई, आमची मायलेकीची गंमत."

मुंबईला मुक्याबहिऱ्या पोरांची शाळा आहे, हे मला आमच्या गार्डानं सांगितलं. लहान आहे तोवर न्यायला हवं, वय वाढलं की शिकवणं जड जातं, हेही सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात मी तुझ्यापुढं विषय काढला. तू दळायला बसली होतीस. जातं थांबलं.

"तितं तिला कुनी मारलं, तर ती सांगंल कुनाला?"

"शिकली की सांगता येईल."

"आन् शिकस्तवर?"

उत्तर नसलं की मी आवाज चढवतो. तूही चढवलास. "मी जित्ती हाय तवर न्हाई. मी मेल्यावर काय करायचं ते कर." मी म्हणालो, "तू कसली मरतेस! मला पोचवून मग जाशील." तुला हसू आलं, मलाही आलं, आणि जातं पुन्हा सुरू झालं. आपलं शेवटचं भांडण ते.

मग ती तापाची साथ आली. घरटी एक जण अंथरुणाला, चितेला ओल्या लाकडांचाही तुटवडा. मला निरोप मिळाला आणि मी धावत आलो, तेव्हा तुझी शुद्ध गेलेली होती. तू बडबडत नव्हतीस. टाच जमिनीवर आपटत होतीस. दाजी म्हणाले, वाताचे झटके आहेत, आणि तुझे पाय दाबून धरायला लागले. मी त्यांचे हात सोडवले. परसातून ठकू आत आली आणि तुझ्या उशाशी बसली. टाच थांबली. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाली, ठकूनं तुझ्या गालाला हात लावला, पुन्हा थांबली. तू गेलीस त्या दुपारपर्यंत ती तिथून हलली नाही.

आता काल काय झालं ते ऐक.

कावळा शिवला, माणसं पांगली. "पोरीला घाटावर कशाला आनलीस?" म्हणून मला चार जण बोलले होते. मी वळून बघतो तर ठकू तुझी चिता रचली होती त्या जागेवर उभी. तुला इकडं आणताना तिनं दारातून बघितलं होतं, पण तिला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. तू गेल्यापासून ती घरातल्या प्रत्येकापुढं जाऊन भुवयांमध्ये बोट लावत होती, आई कुठाय, आणि जो तो तोंड फिरवून रडत होता. जिला ऐकू येत नाही, तिच्याकडं पाठ केली म्हणजे तिच्या तोंडावर दारच लावलं की. एवढंही कुणाला कळू नये!

मी जवळ गेलो. तिनं भुवयांमध्ये बोट लावलं. मग गालाखाली तळहात. मग मूठ वरून खाली ओढली आणि माझ्याकडं बघितलं. आई झोपलीय. मामा, तू शिट्टी ओढ.

शिट्टीनं माणसं दचकून उठतात, हे तिनं माझ्या चाळीत कितीदा बघितलंय. का उठतात ते तिला ठाऊक नाही. मी खाली बसलो, कानाला हात लावला आणि मान हलवली. आईला ऐकू येत नाही. ही खूण तू तिला कधी शिकवली नव्हतीस गं. तुला ती करवलीच नसणार. ठकूनं आपल्या कानाला हात लावला, मग तेच बोट दोन भुवयांमध्ये. आई माझ्यासारखी? मी हो म्हणालो. काय करू, मी हो म्हणालो.

ऐकू न येणाऱ्या माणसाला हाक कशी मारतात, हे ठकूला कुणी सांगायला नको. तिनं टाच उचलली आणि जमिनीवर दोनदा आपटली, अगदी तुझ्यासारखी. आणि वाट बघत राहिली. पुन्हा आपटली. मला राहवेना. मी तिच्या शेजारी उभा राहिलो आणि मीही पाय आपटला. मागं दाजी येऊन उभे होते. त्यांनी वहाणा काढून बाजूला ठेवल्या आणि तेही आपटायला लागले. आम्ही तिघं तिथं कितीतरी वेळ पाय आपटत होतो, अक्का. तू काही वळली नाहीस.

मग तिला कळलं. धरणाच्या सुरुंगांना जी कधी रडली नाही, ती काल अशी ओरडली की घाटावरची माणसं परत फिरली. तुझी सासूही आली. तिनं ठकूला पोटाशी धरलं, आणि पहिल्यांदाच तिला "गप गप" म्हणाली नाही.

दाजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "धोंडिबा, ती हुती तवर पोरीचं समदं तिला कळायचं. मला काय बी कळत न्हाई. न्या तिला त्या मुंबईच्या साळंत." मी जे बोलायला आलो होतो ते असं त्यांनीच बोलून टाकलं.

"आन् शिकस्तवर?" याला माझ्याकडं अजूनही उत्तर नाही. जेवढी सुट्टी मिळेल तेवढ्या वेळा जाईन. शाळेतल्या बाईंना तुझ्या सगळ्या खुणा करून दाखवीन, टाच आपटून दाखवीन, हसतील तर हसोत. ताट तिच्या ट्रंकेत घातलंय. त्यात जेवेल ती.

तू म्हणाली होतीस, मी मेल्यावर कर. म्हणून कावळा तसा चटकन शिवला का गं? मला हा वाद असा जिंकायचा नव्हता. तू समोर असतीस, जातं थांबवून माझ्यावर ओरडली असतीस, आणि मी हरलो असतो, तरी चाललं असतं.

सोमवारी सकाळच्या गाडीनं ठकूला घेऊन निघतोय. भांडायचं असेल तर ये.